कॉन्फिगरेशन नक्की ठेवायचं कुठे? जारमध्ये, एन्व्हमध्ये, की डेटाबेसमध्ये?

बॅकएंड_प्रवासी

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

पाच-सहा वेब सर्व्हिसेस आहेत, सगळ्या स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर, आणि त्या नुकत्याच माझ्या टीमकडे आल्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या आत डेव्ह, टेस्ट, स्टेजिंग आणि प्रॉड (म्हणजे खरे युझर वापरतात ते) अशा चार एन्व्हायर्नमेंटच्या चार प्रॉपर्टीज फाइल्स आहेत, प्रॉडच्या डेटाबेसचा पासवर्ड त्यातच आणि तो सगळा गिटमध्ये. बिल्डसुद्धा प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी वेगळा होतो, म्हणजे टेस्टिंगवाल्यांनी जी जार (बिल्डमधून निघणारी ॲपची फाइल) तपासली ती प्रॉडवर जातच नाही, तिच्यासारखी दुसरी जाते. एखादा टाइमआउट वाढवायचा तरी अख्खा बिल्ड परत. त्यात डेटाबेसमध्ये एक सेटिंग्जचं टेबल आहे, त्यात एसएमएस चालू की बंद इथपासून ते बाहेरच्या एपीआयच्या यूआरएलपर्यंत काय वाट्टेल ते भरलंय.

आता हे सगळं कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी सिस्टीम) न्यायचं ठरलंय आणि टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (एन्व्ह, म्हणजे प्रोसेस सुरू होताना बाहेरून दिलेल्या व्हॅल्यू) टाका नि मोकळे व्हा, दुसरा म्हणतो कॉन्फिग सर्व्हर (सगळ्यांना सेटिंग्ज पुरवणारी वेगळी सर्व्हिस) उभा करा म्हणजे रीस्टार्ट न करता व्हॅल्यू बदलता येतील. मला दोन्ही अर्धं-अर्धं पटतं. तुम्ही लोक हे कसं करता? आणि त्या पासवर्डचं आधी काय करू?

---

लॉगवाचक

कुठे ठेवायचं हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी एक कागद घ्या, पाचही सर्व्हिसेसच्या सगळ्या प्रॉपर्टीज एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे दोनच गोष्टी लिहा: ही व्हॅल्यू कोण बदलतं आणि कधी बदलतं. हे कंटाळवाणं काम आहे पण याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही, कारण "कॉन्फिग" या एका नावाखाली आपण चार वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी कोंबतो आणि मग सगळ्यांना एकच जागा शोधत बसतो.

बऱ्याच प्रॉपर्टीजपुढे तुम्हाला दिसेल की चारही एन्व्हायर्नमेंटमध्ये व्हॅल्यू सारखीच आहे आणि ती डेव्हलपरशिवाय कुणीच कधी बदलत नाही. जॅक्सन या जेसन लायब्ररीचा डेट फॉरमॅट, मायग्रेशन स्क्रिप्ट्सचा फोल्डर, असलं सगळं. ते कॉन्फिग नाहीच, ते कोड आहे, फक्त प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहिलेला. ते जारमध्येच राहू द्या, बाहेर काढून उगाच कुणाला हलवायला देऊ नका. मी हे ठासून सांगतोय कारण लोक उत्साहात सगळंच बाहेर काढतात आणि मग डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये दीडशे व्हेरिएबल्स होतात, त्यातले खरंच बदलणारे पंधरा.

मग उरतात एन्व्हायर्नमेंटप्रमाणे बदलणाऱ्या: डेटाबेसचा यूआरएल, क्यूचं होस्टनेम, पूलचा साइज, लॉग लेव्हल. या जारच्या बाहेर गेल्या पाहिजेत, यात दुमत नको. हेरोकू या क्लाउड होस्टिंग कंपनीच्या लोकांनी २०११ च्या सुमारास ट्वेल्व्ह-फॅक्टर म्हणून जे नियम लिहिले त्यातला तिसरा नियम हाच आहे आणि त्यात एक सोपी परीक्षा दिलीय: तुमचा कोड या क्षणी सगळ्या जगाला खुला केला तर एकही पासवर्ड उघडा पडायला नको. तुमची गिट रेपो आज त्यात नापास होते.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे जी लोक वाचून सोडून देतात. डेव्ह-टेस्ट-प्रॉड असे गट्ठे करू नका, प्रत्येक व्हॅल्यू सुटी ठेवा. कारण आज चार एन्व्हायर्नमेंट आहेत, उद्या परफॉर्मन्स टेस्टसाठी पाचवं येतं, मग कुणीतरी स्टेजिंग-दोन मागतं, आणि प्रत्येक वेळी नवीन प्रोफाइल फाइल, म्हणजे नवीन बिल्ड. त्याहून वाईट म्हणजे कोडमध्ये "प्रोफाइल प्रॉड असेल तर असं कर" असल्या अटी शिरतात. या अटी शोधून काढा आधी. ज्या अटीमुळे कोड प्रॉडवर वेगळा वागतो ती फांदी टेस्टिंगमध्ये कधी चालतच नाही. "ईमेल पाठवायचे का" अशी सरळ प्रॉपर्टी करा, ॲपला आपण कुठे चाललोय हे कळायची गरजच नाही.

एकदा का हे झालं की एकच जार, एकच कंटेनर इमेज, टेस्टपासून प्रॉडपर्यंत तीच. माझ्या मते तुमच्या सगळ्या यादीत सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, कॉन्फिग सर्व्हर वगैरे फार नंतरची गोष्ट.

---

रात्रपाळी

वरचं सगळं मान्य, पण पासवर्डचा विषय वेगळा काढायला हवा, तो थांबू शकत नाही.

गिटमधून पासवर्ड काढायचा म्हणजे फाइलमधून ओळ उडवून नवीन कमिट टाकायची असं नाही. जुन्या कमिटमध्ये तो तसाच राहतो, ज्याने कधीही क्लोन केलंय त्याच्या लॅपटॉपवरही राहतो. म्हणून आधी डेटाबेसवर पासवर्ड बदला. तो बदलला की गिटमधला जुना निरुपयोगी झाला, मग हिस्टरी साफ करायची की नाही ते निवांत ठरवा. मी बरेच लोक उलटं करताना बघितलेत, दोन दिवस हिस्टरी पुसत बसतात आणि पासवर्ड तोच चालू.

आता नवीन पासवर्ड ठेवायचा कुठे. एन्व्ह व्हेरिएबलमध्ये ठेवणं गिटपेक्षा नक्कीच बरं, पण त्याला सुरक्षित म्हणू नका. लिनक्सवर चालू प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट प्रॉक फाइलसिस्टीममध्ये दिसतं, रूटला आणि त्याच युझरला. तुमच्या ॲपने कुठला बाहेरचा प्रोग्राम चालवला तर त्याला ते वारशाने मिळतं, त्याला पासवर्डशी काही देणंघेणं नसलं तरी. कंटेनरवर डॉकर इन्स्पेक्ट ही कमांड मारली की सगळं समोर. आणि सगळ्यात जास्त गळती होते ती एरर रिपोर्टमधून, ॲप पडलं की काही लायब्रऱ्या अख्खं एन्व्हायर्नमेंट रिपोर्टला जोडून पाठवतात आणि तो रिपोर्ट दहा जण वाचतात. डॉकरफाइलमध्ये तर पासवर्ड मुळीच लिहू नका, ईएनव्ही म्हणूनही नाही आणि बिल्ड आर्ग्युमेंट म्हणूनही नाही, दोन्ही इमेजच्या हिस्टरीत सापडू शकतात.

कुबरनेटिसवर जाताय तर सीक्रेट ऑब्जेक्ट वापरा, पण त्याच्या नावावर जाऊ नका. त्यातली व्हॅल्यू बेस-६४ असते, म्हणजे फक्त वेगळ्या लिपीत लिहिलेली, कुणीही एका कमांडमध्ये उलटी करू शकतं. एटसीडीमध्ये, म्हणजे कुबरनेटिसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येसुद्धा, ती बाय डिफॉल्ट एन्क्रिप्ट होत नाही, ते क्लस्टरवर मुद्दाम चालू करावं लागतं. त्यामुळे सीक्रेटची यामल (सेटिंग्ज लिहायचा एक फॉरमॅट) फाइल गिटमध्ये टाकली तर तुम्ही होतात तिथेच आलात. आणि सीक्रेट वाचायची परवानगी कुणाकुणाला आहे ते तपासा, बऱ्याच ठिकाणी सगळ्या डेव्हलपरना असते.

मी स्वतः सीक्रेट व्हॉल्यूम म्हणून माउंट करतो, ॲप फाइलमधून वाचतं. ती फाइल नोडच्या (क्लस्टरमधल्या मशीनच्या) डिस्कवर लिहिली जात नाही, मेमरीतच असते, आणि चाइल्ड प्रोसेसला आपोआप मिळत नाही. पुढे व्हॉल्ट (पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा क्लाउडवाल्यांचा सीक्रेट मॅनेजर आणला तरी ॲपच्या बाजूने फारसा फरक पडत नाही, फाइल तिथेच असते, फक्त भरणारा बदलतो. एन्व्हमधून वाचणारा कोड मात्र पासवर्ड फिरवायच्या वेळी अडतो, कारण चालू प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट बाहेरून बदलता येत नाही.

---

बॅकएंड_प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. पासवर्ड बदलायची विनंती टाकली आताच.

कागदावरची यादी सुरू केली तर लगेच एक भानगड लक्षात आली. स्टेजिंगवर पेमेंटचा रीड टाइमआउट एन्व्ह व्हेरिएबलने दिलेला आहे, पण ॲप तो घेतच नाहीये, फाइलमधलाच वापरतंय. कुठलीही एरर नाही, वॉर्निंग नाही. एन्व्ह फाइलच्या वर असतं ना?

---

सेमीकोलन

असतं. क्रम खालून वर असा: जारमधली साधी फाइल, जारमधली प्रोफाइलची फाइल, मग जारबाहेरची साधी, जारबाहेरची प्रोफाइलची, त्यावर एन्व्ह व्हेरिएबल, त्यावर जावा सिस्टीम प्रॉपर्टी आणि सगळ्यात वर कमांड लाइन. यात एक खाच आहे, स्प्रिंग बूट २.४ मध्ये म्हणजे २०२० मध्ये फाइल्सचा क्रम बदलला. आधी प्रोफाइलची फाइल नेहमी जिंकायची, जारच्या आत असली तरी. आता जारबाहेरची साधी फाइलसुद्धा आतल्या प्रोफाइल फाइलच्या वर येते. जुन्या व्हर्जनवरून आलेल्या सर्व्हिसेस असतील तर हे एकदा बघून घ्या. आणि एकाच जागी प्रॉपर्टीज आणि यामल दोन्ही फाइल्स असतील तर प्रॉपर्टीज जिंकते.

तुमच्या केसमध्ये मला नावाचा संशय आहे. कोडमध्ये ॲट-व्हॅल्यू (एक प्रॉपर्टी वाचून कोडमध्ये भरणारं स्प्रिंगचं ॲनोटेशन) लावून नाव कॅमल केसमध्ये लिहिलंय का, म्हणजे पेमेंट, डॉट, आणि मग रीडटाइमआउट एका शब्दात, मधला टी कॅपिटल? आणि एन्व्हमध्ये रीड आणि टाइमआउटच्या मध्ये अंडरस्कोर आहे? तसं असेल तर दोन्ही जुळत नाहीत. ॲट-व्हॅल्यूमध्ये नाव नेहमी छोट्या अक्षरांत आणि मध्ये डॅश देऊन लिहायचं, मग स्प्रिंग बाकीची रूपं ओळखतं. कॅमल केसचं ओळखत नाही.

त्यापेक्षा ॲट-व्हॅल्यू सोडूनच द्या. विखुरलेल्या चाळीस ॲट-व्हॅल्यूंमुळेच "कोणती प्रॉपर्टी कोण वाचतं" हे कुणाला सांगता येत नाही. प्रत्येक विषयाला एक कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजचा क्लास करा, पेमेंटचा एक, एसएमएसचा एक, आणि त्यावर व्हॅलिडेशन लावा. यूआरएल रिकामा नको, टाइमआउट शून्यापेक्षा जास्त, रीट्रायची संख्या इतक्याच्या आत. व्हॅल्यू चुकीची असेल तर ॲप सुरूच होणार नाही आणि कोणती प्रॉपर्टी चुकली ते नावासकट सांगेल. सुरू न होणारं ॲप हे खूप चांगलं लक्षण आहे, जुने पॉड (कुबरनेटिसवर चालणाऱ्या ॲपच्या प्रती) चालूच राहतात आणि युझरला काही कळतही नाही. पण सुरू होऊन रात्री अडीच वाजता पहिलं पेमेंट आल्यावर ज्याला कळतं की यूआरएल नाहीये, ते ॲप नको.

यावरूनच डिफॉल्टबद्दल. प्रॉडवर चुकून लागला तर नुकसान करेल असा डिफॉल्ट लिहूच नका. डेटाबेसच्या यूआरएलला लोकलहोस्टचा डिफॉल्ट, पेमेंट गेटवेला सँडबॉक्सचा, म्हणजे चाचणीच्या गेटवेचा, डिफॉल्ट, हे फार ठिकाणी असतं आणि व्हेरिएबल द्यायला विसरलं की सर्व्हिस आनंदाने खोटे पेमेंट घेत बसते. अशांना डिफॉल्टच नको, नसेल तर पडू दे. पेज साइजला डिफॉल्ट वीस असला तर काही बिघडत नाही.

युनिटचंही बघा. टाइमआउटला नुसता ३० लिहिला तर तो सेकंद की मिलिसेकंद? स्प्रिंगच्या ड्युरेशन टाइपला युनिट दिलं नाही तर तो मिलिसेकंद धरतो. हिकारी या डेटाबेस कनेक्शन पूलचा कनेक्शन टाइमआउटही मिलिसेकंदातच आहे, पण तिथे निदान २५० च्या खाली दिलं की तो लगेच नाकारतो, हे मला फार आवडतं. बाकी ठिकाणी ३० मिलिसेकंदांचा टाइमआउट गुपचूप लागतो आणि लोक नेटवर्कला दोष देत बसतात. तर ड्युरेशन टाइप वापरा आणि युनिट लिहा, तीस पुढे एस.

यामलमध्ये व्हॅल्यूंना कोट द्यायची सवय लावा. यामल १.१ मध्ये नुसतं एनओ लिहिलं तर ते फॉल्स होतं, त्यामुळे नॉर्वेचा कंट्री कोड फॉल्स झाल्याचं सगळ्यांनी ऐकलंय. १.२ मध्ये २००९ लाच हे काढलं पण स्प्रिंग जो पार्सर वापरतं तो अजून १.१ च्याच नियमांनी चालतो. शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल समजला जाऊ शकतो. व्हर्जन १.१० लिहिलं तर १.१ होतं. आणि एन्व्हमधून येणारं सगळं स्ट्रिंगच असतं, हे स्प्रिंग सांभाळून घेतं पण तुमच्याकडे एखादी पायथनची स्क्रिप्ट असेल तर तिथे "फॉल्स" ही स्ट्रिंग बूलमध्ये टाकली की ट्रू येते, कारण ती रिकामी नाही.

शेवटचं, अंदाज बांधत बसू नका. ॲक्च्युएटर या स्प्रिंगच्या देखरेखीच्या भागाचा एन्व्ह एंडपॉइंट आतल्या नेटवर्कपुरता उघडा, त्याला प्रॉपर्टीचं नाव द्या, ती कुठल्या कुठल्या सोर्समध्ये सापडली ते तो क्रमाने सांगतो. बूट ३ पासून व्हॅल्यू बाय डिफॉल्ट झाकलेल्या येतात, पण तुम्हाला हवाय तो सोर्स, तो दिसतोच.

---

बॅकएंड_प्रवासी

अगदी तेच होतं! कॅमल केस. नाव बदललं, लगेच घेतला. ही पद्धत बाकीच्या चार सर्व्हिसेसमध्येपण आहे, सगळीकडे शोधतो आता.

मग रीस्टार्टशिवाय बदलायचं काय? आमच्या दुसऱ्या तटाचा मुद्दा तोच आहे.

---

तिसरा_नोड

त्या तटाला एक विचारा, रीस्टार्टशिवाय नक्की काय बदलायचंय? नावं सांगा म्हणा. डेटाबेस यूआरएल? पूल साइज? या रीस्टार्टनेच बदललेल्या बऱ्या. रोलिंग रीस्टार्टमध्ये एक पॉड नवीन व्हॅल्यूने उठतो, हेल्थ चेक होतो, मग दुसरा. काही चुकलं तर पहिल्याच पॉडवर कळतं आणि बाकीचे जुन्यावर चालू राहतात. चालू असताना सगळ्यांची व्हॅल्यू एका क्षणात बदलली तर चूकही एका क्षणात सगळीकडे जाते.

हे मी हवेत बोलत नाहीये. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरने (असंख्य वेबसाइट्सच्या पुढे उभी राहून त्यांचा ट्रॅफिक सांभाळणारी कंपनी) फायरवॉलचा एक नवीन नियम सगळ्या जगभरच्या सर्व्हरवर एकदम ढकलला. नियम म्हणजे कोड नाही, म्हणून त्याला टप्प्याटप्प्याचा रोलआउट लागत नव्हता. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने सीपीयू पूर्ण खाल्ला आणि त्यांच्यामागच्या साइट्स सुमारे २७ मिनिटं एरर देत होत्या. त्यांनी नंतर हे सगळं स्वतः सविस्तर लिहिलंय.

आणि फ्लॅगबद्दल (फीचर चालू-बंद करायच्या सेटिंगबद्दल) म्हणाल तर नाइट कॅपिटल. अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची कंपनी, १ ऑगस्ट २०१२. एका जुन्या, वापरात नसलेल्या फीचरचा फ्लॅग त्यांनी नवीन फीचरसाठी परत वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड पोचलाच नव्हता. फ्लॅग चालू केल्यावर सात सर्व्हरवर नवीन फीचर चालू झालं आणि आठव्यावर तो कित्येक वर्षं पडून राहिलेला जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. म्हणून माझे दोन नियम आहेत, फ्लॅगचं नाव पुन्हा कधीही वापरायचं नाही, आणि काम झालं की फ्लॅग आणि त्याच्यामागचा मेलेला कोड दोन्ही काढून टाकायचे.

कॉन्फिग सर्व्हरचं म्हणाल तर पाच-सहा सर्व्हिसेससाठी मी नाही उभा करणार. तो पडलेला असताना नवीन पॉड उठायचा झाला तर तो कॉन्फिग कुठून आणणार? म्हणजे तो इतर सगळ्यांच्या आधी उठलेला आणि कधीही न पडणारा हवा, त्याचं मॉनिटरिंग, त्याचे बॅकअप, त्याच्या परवानग्या. पन्नास-साठ सर्व्हिसेस आणि दहा टीम्स असतील तर ती मेहनत वसूल होते. तुमच्याकडे कॉन्फिगमॅपच्या (कुबरनेटिसमध्ये साध्या सेटिंग्ज ठेवायची जागा) फाइल्स एका वेगळ्या गिट रेपोत ठेवा, बदल पुल रिक्वेस्टने होऊ द्या. कोणी, कधी, का बदललं हे आपोआप राहतं आणि मागे जायचं तर रिव्हर्ट.

फक्त कुबरनेटिसचं वागणं समजून घ्या, इथे सगळे ठेचकाळतात. कॉन्फिगमॅप बदलला म्हणून पॉड रीस्टार्ट होत नाहीत. एन्व्ह म्हणून घेतला असेल तर चालू पॉडला बदल कधीच दिसत नाही. व्हॉल्यूम म्हणून माउंट केला असेल तर फाइल थोड्या वेळाने बदलते, पण सबपाथने, म्हणजे व्हॉल्यूममधली एकच फाइल उचलून, माउंट केली असेल तर तीही नाही. मग होतं असं की आज बदललेली चुकीची व्हॅल्यू आठ दिवसांनी एखादा पॉड दुसऱ्या नोडवर हलला की लागते आणि तोपर्यंत तो बदल कुणाच्या लक्षातही नसतो. यावर उपाय सोपा आहे, कॉन्फिगमॅपचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) पॉड टेम्प्लेटच्या ॲनोटेशनमध्ये टाका. कॉन्फिग बदललं की चेकसम बदलतो, टेम्प्लेट बदलतो, रोलआउट आपोआप होतो.

तुमचं सेटिंग्जचं टेबल मात्र फेकू नका. खरोखर चालू असताना बदलायच्या गोष्टींना ती चांगली जागा आहे, म्हणजे एसएमएस बंद करणं, एखाद्या योजनेची मर्यादा, जे बिझनेसवाले ठरवतात ते. त्यात कोणी बदललं आणि आधीची व्हॅल्यू काय होती याची नोंद घाला, व्हॅल्यू सेव्ह होतानाच तपासा, आणि ॲपमध्ये शेवटची चांगली व्हॅल्यू धरून ठेवा म्हणजे टेबल वाचता आलं नाही तरी सर्व्हिस चालेल. बाहेरच्या एपीआयचा यूआरएल तिथून काढा. प्रॉडच्या डेटाबेसची कॉपी स्टेजिंगला रीस्टोअर करता की नाही? केलीत की स्टेजिंगची सर्व्हिस थेट प्रॉडच्या एपीआयला जाऊन धडकेल.

---

बॅकएंड_प्रवासी

रीस्टोअर करतो, आणि नंतर तो यूआरएल हाताने बदलतो, यासाठी चेकलिस्टमध्ये एक ओळ आहे. तिसरा नोड, हा मुद्दा आज टीमला दाखवतो, यावर वाद होणार नाही.

आता क्रम असा ठरवतोय: पासवर्ड, मग त्या यूआरएलना टेबलातून काढणं, मग एकच जार. व्हॅलिडेशनचे क्लास प्रत्येक सर्व्हिसला हात लागेल तसतसे. कॉन्फिग सर्व्हर नाही. एकच राहिलं, डेव्हलपरच्या मशीनवर काय? सगळं बाहेर काढलं तर नवीन माणसाला ॲप चालवायलाच दिवस जाईल.

---

लॉगवाचक

लोकलसाठी एक प्रोफाइल फाइल रेपोत ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त तिच्यात लोकल कंटेनरच्या डेटाबेसचेच पत्ते आणि पासवर्ड हवेत, जे बाहेर कुणाच्या हाती पडले तरी काही उपयोगाचे नाहीत. ती मेन रिसोर्सेसमध्ये ठेवू नका, टेस्ट रिसोर्सेसमध्ये किंवा रेपोच्या मुळाशी कॉन्फिग नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे जारमध्ये जाणारच नाही. त्या फोल्डरमधल्या फाइल्स स्प्रिंग आपोआप वाचतं, ॲप तिथून सुरू केलं की झालं.

आणि ज्याला स्वतःच्या मशीनवरून स्टेजिंगला जोडायचंय त्याने स्वतःची डॉट-एन्व्ह फाइल करावी, ती गिटइग्नोरमध्ये टाका. सोबत एक नमुना फाइल कमिट करा, फक्त नावं आणि प्रत्येकीपुढे एक ओळ माहिती, व्हॅल्यू रिकाम्या. ही नमुना फाइल व्हॅलिडेशनच्या क्लासशी जुळते की नाही याची एक छोटी टेस्ट बिल्डमध्ये लावा, नाहीतर तीन महिन्यांत ती जुनी होते.

---

रात्रपाळी

आणि स्टेजिंगचे पासवर्ड चॅटवर पाठवू नका एकमेकांना. सीक्रेट मॅनेजरमध्ये प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनने वाचू द्या, माणूस टीममधून गेला की एक परवानगी काढली की झालं.